पाहिलेलं आणि कळलेलं

तुर्कस्तानातल्या देनिझ्लीच्या टॉवेल कारखान्यांत पाळी बदलताना जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, एकमेकांशी जे बोलतात, त्यात क्रियापदाच्या शेवटाकडे कान ठेवावा लागतो. रातपाळीचा जॉबर सकाळपाळीच्या जॉबरला मागांच्या रांगांमधून नेत सांगत जातो: हा 'दुर्दू', तो 'दुर्मुश', इकडे धागा 'कोप्तू', तिकडे 'कोप्मुश'. दुर्दू म्हणजे थांबला आणि दुर्मुश म्हणजेही थांबलाच. कोप्तू आणि कोप्मुश, दोन्ही 'तुटला'. पण दुर्दू म्हणणारा माणूस माग थांबला त्या क्षणी तिथे हजर होता, आणि दुर्मुश म्हणणारा पोचला तेव्हा माग आधीच थांबलेला होता. ऐकणारा जॉबर तेवढ्यावरून ठरवतो, की पुढचा प्रश्न याला विचारायचा की आणखी कुणाला.

तुर्की भाषेतल्या या 'मुश' म्हणजेच 'मिश' शेवटाने मला जितकं काम शिकवलं, तितकं त्या देशातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने शिकवलं नाही. म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

मी सोलापूरची. आजोबा हातमागावर बसायचे, वडिलांनी यंत्रमाग चालवले, आणि मी इचलकरंजीला कापड तंत्राचं शिक्षण घेऊन टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. पुढे युरोपातल्या खरेदीदारांसाठी माल तपासणाऱ्या एका कचेरीने मला देनिझ्लीला पाठवलं. सोलापूर आणि देनिझ्ली ही टॉवेल विणून जगणारी दोन गावं. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. देनिझ्लीजवळच्या प्राचीन लाओदिकेया नगरातल्या काळ्याभोर लोकरीची नोंद स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. शेजारच्या बुल्दान गावात अजून घरोघरी विणकाम चालतं. मागाचा आवाज ओळखीचा होता, सुताचा वास ओळखीचा होता. भाषा तेवढी नवी.

परदेशी माणसांना तुर्की शिकवणाऱ्या पुस्तकांत भूतकाळ दोनदा येतो. आधी 'दी'चा आणि बऱ्याच धड्यांनंतर 'मिश'चा. शेवट क्रियापदातल्या स्वराप्रमाणे बदलतो. गेल्मिश म्हणजे आला, कोप्मुश म्हणजे तुटला, ग्युल्म्युश म्हणजे हसला. चौथं रूप ज्या स्वराचं आहे तो आपल्याकडे नाही. ओठ न ताणता, जीभ मागे घेऊन काढलेला तो 'इ' आपल्या कानाला 'अ'सारखा वाटतो, म्हणून 'यकल्मश', म्हणजे कोसळला. 'दी'च्या आधी कठोर व्यंजन आलं की त्याचा 'ती' होतो, त्यामुळे त्याची रूपं आठ. हे सगळं पाठ व्हायला वेळ लागत नाही. तुर्की व्याकरण फार नियमाने चालतं, अपवाद बोटांवर मोजण्याइतके, आणि एकदा स्वरांचा मेळ कानात बसला की तोंड आपोआप बरोबर रूपाकडे वळतं. अवघड आहे ते 'कधी वापरायचं' हे कळणं.

शाळेतल्या व्याकरणात 'दी'ला म्हणतात पाहिलेला भूतकाळ आणि 'मिश'ला ऐकलेला भूतकाळ. काही पुस्तकं 'ऐकलेला'च्या जागी 'कळलेला' असं नाव देतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. परदेशी विद्यार्थ्याला मात्र वर्गात पहिल्या दिवशी सांगितलं जातं ते असं: स्वतः पाहिलं असेल तर दी, दुसऱ्याकडून ऐकलं असेल, खात्री नसेल, तर मिश. त्यातलं 'खात्री नसेल' हे दोन शब्द मला हळूहळू खोडून काढावे लागले. ते का, हेच मुख्यतः सांगायचं आहे.

सोलापूरच्या माणसाला ऐकीव गोष्टीला वेगळी खूण लावण्याची सवय तोंडातच असते. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी. मराठीत आपण 'तो गेला म्हणे' म्हणतो. तेलुगूत क्रियापदाच्या शेवटी 'अट' चिकटतं: 'वच्चाडट', आला म्हणे. कन्नडमध्ये 'अंते' येतं: 'बंदनंते'. दखनीत 'आया कते'. एकाच चौकातल्या चार भाषांनी चार वेगळ्या खुणा ठेवल्या आहेत, आणि त्या चारही वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे 'मिश'चा पहिला अर्थ मला शिकवावा लागला नाही. 'ट्रक येणार आहे म्हणे' याला तुर्कीत 'गेलेजेक्मिश' म्हणतात हे ऐकलं तेव्हा आजीचं तेलुगू बोलणं आठवलं. इथे एक गोष्ट लगेच ध्यानात येते. गेलेजेक म्हणजे येईल, त्याला मिश लागला आणि भविष्यकाळालाही तो चालला. 'हास्तायमश', ती आजारी आहे असं कळलं. हा तर वर्तमानकाळ. म्हणजे पुस्तकं याला भूतकाळाच्या धड्यात ठेवत असली, तरी तो सगळ्या काळांवरून फिरतो. काम नियोजनाचं असेल तर याचा सरळ उपयोग होतो. खरेदी विभागातला माणूस सुताचा ट्रक उद्या 'गेलेजेक' म्हणाला, तर त्याने स्वतः गाडीवानाशी किंवा गिरणीशी बोलून घेतलेलं असतं. 'गेलेजेक्मिश' म्हणाला, तर निरोप मधल्या कुणाकडून तरी आला आहे. दुसऱ्या वेळी आम्ही त्या सुतावर मागाचं वेळापत्रक लावत नाही.

पण म्हणे, अट, अंते, कते, या सगळ्यांची एक हद्द आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तरच त्या लागतात. सकाळी खिडकी उघडली, रस्ता ओला दिसला, तर मराठीत मी 'रात्री पाऊस पडला म्हणे' असं म्हणत नाही. मला तर कुणीच काही सांगितलेलं नाही. मी म्हणते, 'रात्री पाऊस पडलेला दिसतोय' किंवा 'पडला वाटतं'. मराठीत ऐकलेल्याला एक शब्द आणि खुणांवरून ताडलेल्याला दुसरा. तुर्कीत दोन्हींना मिशच. 'यामूर याऽमश'. शेजारणीने सांगितलं तरी तेच आणि ओला रस्ता पाहिला तरी तेच. आरंभी मला हे ढिसाळ वाटलं होतं. दोन इतक्या निराळ्या गोष्टी एका शेपटीला का बांधाव्यात? मग लक्षात आलं, की तुर्की माणसाच्या मनात त्या निराळ्या नाहीतच. दोन्हींमध्ये घटना घडून गेली आणि मी तिथे नव्हतो. मागे राहिलेली खूण रस्त्यावरचं पाणी असो की शेजारणीचं वाक्य असो, घटनेच्या क्षणी मी गैरहजर होतो हे सारखंच.

यानंतर शिलाई विभागातल्या बायकांचं बोलणं मला उलगडू लागलं. टॉवेलच्या कडा शिवणं, लेबल लावणं, घड्या घालणं ही कामं बहुतेक बायका करतात, आणि माझ्या कामाचा निम्मा दिवस त्यांच्यात जायचा. त्या मला 'आब्ला' म्हणायच्या, म्हणजे ताई. माझ्याहून मोठ्यांना मीही आब्लाच म्हणायचे. कुणी केस कापून आली की सगळ्या जणी तिच्याकडे पाहत म्हणत, 'साचन केस्तिर्मिशसिन', केस कापून घेतलेस की! समोर बसलेल्या बाईच्या डोक्याकडे पाहून मिश. कुणाचं लेकरू भेटायला आलं की 'ब्युयुम्युश', मोठं झालं. डबा उघडून कुणाची भाजी चाखली की 'चोक ग्युझेल ओल्मुश', फार छान झालीय, आणि त्याआधी 'एलिने साऽलक', तुझ्या हाताला आरोग्य लाभो. पुस्तकातला 'खात्री नसेल तर मिश' हा नियम इथे उभाच राहत नाही. भाजी जिभेवर आहे, केस डोळ्यांपुढे आहेत, खात्रीला काही कमी नाही. केस कापताना मात्र बोलणारी तिथे नव्हती. भाजी शिजताना ती चुलीपाशी नव्हती. तिच्यासमोर आला तो परिणाम.

आणि माणूस स्वतःलाही मिश लावतो, हे कळलं तेव्हा तर मी दिवसभर त्याचाच विचार करत राहिले. 'उयुमुशुम', मला झोप लागली. झोप लागताना आपण जागे नसतो, म्हणून स्वतःच्या झोपेचा माणूस साक्षीदार नसतो. जाग आली, घड्याळ पाहिलं, तेव्हा कळलं. विसरलो हेही तसंच, 'उनुत्मुशुम'. किल्ली घरी विसरली तो क्षण कुणालाच दिसत नाही, दारात खिसे चाचपल्यावर कळतं. मराठीत आपण 'मी विसरले' म्हणतो आणि क्रियापदाचं रूप 'मी जेवले'सारखंच राहतं. जेवताना मी होते, विसरताना नव्हते, हा फरक मराठी क्रियापद सांगत नाही, आणि मराठी माणसाला तो सांगावासा वाटत नाही. तुर्की बोलणाऱ्याला मात्र दर वाक्याला निवड करावीच लागते. दी किंवा मिश. दोन्ही टाळून साधी घडून गेलेली गोष्ट सांगणं अवघड आहे.

बोगाझिची विद्यापीठातल्या आयहान आक्सू-कोच यांनी तुर्की मुलं हे काळ कसे आत्मसात करतात यावर 1988 साली केंब्रिजकडून पुस्तक प्रसिद्ध केलं. मुलांच्या तोंडी आधी दी येतो, मिश नंतर, आणि ताडलेलं, ऐकलेलं असे त्याचे वेगवेगळे उपयोग तीन-चार वर्षांच्या वयापर्यंत टप्प्याटप्प्याने बसत जातात. त्याआधी त्यांनी डॅन स्लोबिन यांच्याबरोबर एक निबंध लिहिला होता. मनाची तयारी नसताना जी गोष्ट अचानक पुढ्यात येते तिला मिश लागतो, असा त्यातला विचार आहे. मला तो फार पटतो. 'ब्युयुम्युश' म्हणणाऱ्या बाईच्या आवाजातला आनंद त्या विचारात नेमका बसतो.

हा भेद जुना आहे. अकराव्या शतकात काश्गरच्या महमूदने बगदादमध्ये बसून अरबांना तुर्की शिकता यावं म्हणून अरबीत एक मोठा कोश लिहिला, 'दिवानु लुगाति-त-तुर्क'. त्याने तेव्हाच नोंदवलं आहे, की दी लावलेली क्रिया बोलणाऱ्याच्या समोर घडलेली असते आणि मिश लावलेली त्याच्या गैरहजेरीत. या कोशाची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, 1266 साली नकललेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अली एमिरी नावाच्या ग्रंथप्रेमी गृहस्थांनी इस्तंबूलमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून ती विकत घेतली आणि आज ती तिथल्या मिल्लेत ग्रंथालयात आहे. महमूदने खात्री-बेखात्रीचा मुद्दा केला नाही, हजेरी-गैरहजेरीचा केला. साडेनऊशे वर्षांपूर्वी परदेशी विद्यार्थ्याला मिश समजावून सांगणाऱ्या या शिक्षकाने आजच्या कित्येक क्रमिक पुस्तकांपेक्षा नेमकं सांगितलं आहे असं मला वाटतं.

आता कारखान्यातली गोष्ट.

एका ऑर्डरमधल्या टॉवेलांवर आडवे पट्टे आले. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि एक फंद्यांच्या ताण्याचा. माग थांबून पुन्हा सुरू झाला की त्या जागी फंद्यांची उंची थोडी बदलते आणि कापडावर आडवी रेघ उमटते. एखादी रेघ चालून जाते. या मालात त्या दाटीने होत्या, म्हणजे माग पुन्हा पुन्हा थांबले होते. मागाच्या संगणकात थांबण्याच्या वेळा नोंदलेल्या असतात. त्यात दिसत होतं, की एका रातपाळीत उत्तररात्री एकाच दालनातले बरेच माग ताणा तुटून थांबत गेले. ताण्याचा प्रत्येक धागा एका पातळ पत्रीच्या भोकातून गेलेला असतो. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. पत्री पडली, माग थांबला, वेळ नोंदली गेली. धागा का तुटला ते मात्र संगणक सांगत नाही.

इतके माग एकदम ताणा तोडू लागले, की आधी हवा पाहायची. सुती ताण्यासाठी विणकाम विभागात साधारण 65 ते 75 टक्के आर्द्रता ठेवतात. हवा कोरडी पडली की खळ दिलेला धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. त्या कारखान्यात आर्द्रता राखणाऱ्या यंत्रणेला सगळे 'क्लिमा' म्हणत. पण क्लिमा कधी बंद पडला आणि कधी सुरू झाला याची नोंद कुठेच नव्हती. व्यवस्थापनाचं म्हणणं, अख्ख्या पाळीचा माल बाजूला काढू. तो माल थोडाथोडका नव्हता. माझ्या कचेरीचं म्हणणं, नेमका कोणता माल बाधित आहे ते दाखवा, तेवढाच नाकारू.

मी त्या पाळीतल्या लोकांना एकेक करून भेटले. विणकर म्हणाला, 'क्लिमा दुर्मुश'. वीजतंत्री म्हणाला, 'क्लिमा दुर्मुश, मला पहाटे बोलावलं, पंप बंद होता, मी चालू केला'. पंप 'चालू केला' हे तो दीने म्हणाला. ते त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. जॉबरही 'दुर्मुश'च म्हणाला. तिघेही प्रामाणिकपणे सांगत होते की क्लिमा बंद पडला तेव्हा आम्ही तिथे नव्हतो, आम्हाला नंतर कळलं. बोलणं मागांच्या रांगेत उभ्यानेच चाललं होतं. बीम वाहून नेणारा एक तरुण मुलगा आमच्याजवळून ट्रॉली ढकलत चालला होता. त्याने थांबून जॉबरला सांगितलं, 'उस्ता, तीनला थांबला तो.' तुर्कीत त्याने म्हटलं, 'दुर्दू'.

जॉबरने आणि मी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्याला विचारलं, तू तिथे होतास? होता. रात्री तीनला चहाच्या सुट्टीत तो हवेच्या वाहिनीखाली बसायचा, कारण तिथे गारवा असतो. वाहिनीतला पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज त्याच्या डोक्यावर अचानक बंद झाला. चहाची सुट्टी ठरलेल्या वेळी होते, त्यामुळे वेळेबद्दल त्याला संशय नव्हता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बीम वाहणाऱ्या मुलाला आर्द्रतेबद्दल कोण विचारतं? मागाच्या नोंदी काढून पाहिल्या, तर तीननंतर थोड्या वेळाने ताणा तुटण्याचं प्रमाण वाढत गेलेलं आणि वीजतंत्र्याने पंप सुरू केल्यानंतर हळूहळू खाली आलेलं. दोन टोकं मिळाली. मधल्या वेळेत विणलेलं कापड वेगळं काढलं, बाकीचं तपासून पुढे पाठवलं. त्यानंतर त्या कारखान्याने क्लिमाच्या पंपालाही नोंद करणारं यंत्र बसवलं, आणि बीम वाहणाऱ्या त्या मुलाला पुढच्या वर्षी जॉबरच्या हाताखाली घेतलं.

तो मुलगा 'दुर्मुश' म्हणाला असता तर मी त्याच्याकडे वळले नसते. जॉबरही वळला नसता.

लेखी अहवालांची तऱ्हा निराळी आहे, ती थोडक्यात सांगते. वर्तमानपत्रं आणि दूरचित्रवाणीवरच्या बातम्या दीमध्ये असतात. वृत्तनिवेदकाने काही पाहिलेलं नसतं, पण बातमीची जबाबदारी संस्था घेते. इतिहासाच्या ठळक घटनाही दीने सांगितल्या जातात. प्रयोगशाळेच्या आणि सरकारी कागदांत मिशला आणखी 'तिर' जोडतात: 'तेस्पित एदिल्मिश्तिर', असं आढळून आलेलं आहे. तिथे मिशमधला ऐकीवपणा निघून जातो आणि वाक्याला अधिकृत वजन येतं. दुसऱ्या टोकाला परीकथा. त्या सगळ्या मिशमध्ये. त्यांची सुरुवातच 'बिर वार्मश, बिर योक्मुश' अशी होते, एक होतं, एक नव्हतं. नसरुद्दीन होजाच्या गोष्टीही बहुधा मिशमध्येच सांगतात. आणि एखाद्याच्या बढाईवर विश्वास नसेल तर त्याचंच वाक्य मिश लावून, स्वर थोडा लांबवून परत केलं जातं. अविश्वास तिथे असतो खरा, पण तो स्वरात असतो. शेपटीने तो आपल्या पदरचा आणलेला नसतो.

6 फेब्रुवारी 2023 ला, सोमवारी पहाटे 4 वाजून 17 मिनिटांनी, दक्षिण तुर्कस्तानात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र कहरामानमाराश प्रांतात. दुपारी 1 वाजून 24 मिनिटांनी तिथेच 7.5 चा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. देनिझ्ली देशाच्या पश्चिमेला, तिथून फार दूर. पण कहरामानमाराश हे सूतकताईचं मोठं केंद्र आहे आणि आमच्या कारखान्यांत त्या भागातलं सूत यायचं, त्या भागातली माणसंही होती. शिलाई विभागातल्या एका आब्लांचं माहेर तिथलं.

त्या सकाळी यंत्रं बंद ठेवली होती. सगळ्या जणी फोन घेऊन बसल्या होत्या आणि दालनात एकच शब्द चारी बाजूंनी ऐकू येत होता, 'यकल्मश'. कोसळलं. घर यकल्मश, शाळा यकल्मश, पूल यकल्मश. कळतंय ते एवढंच, आम्ही तिथे नाही. दुपारी दुसरा धक्का बसला तेव्हा आब्ला फोनवर त्यांच्या वहिनीशी बोलत होत्या. पलीकडून आलेला शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारला, आणि तो 'यकल्द' होता. पलीकडची बाई समोर पाहत होती. दालनातल्या कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. मलाही लागलं नाही. व्याकरणाचा एखादा धडा अशा रीतीने समजावा अशी इच्छा कुणी करणार नाही.

भूकंपातून वाचलेली खूप माणसं पुढे इतर प्रांतांत गेली. आब्लांचा भाचा देनिझ्लीला आला आणि पॅकिंगमध्ये कामाला लागला. विशीतला, कमी बोलणारा. तो आपली हकिगत फार वेळा सांगत नसे, पण सांगे तेव्हा त्याच्या क्रियापदांत कधी फेरफार होत नसे. इमारत 'यकल्द', हे त्याने पाहिलं होतं. मग 'बायल्मशम', शुद्ध हरपली. स्वतःची शुद्ध जाताना त्याने पाहिली नव्हती. शेजाऱ्यांनी मला 'चकार्मश', बाहेर काढलं. दवाखान्यात डोळे उघडले, तिथून पुन्हा दी. डॉक्टर म्हणाला, पाणी दिलं, पायाला प्लॅस्टर घातलं. आणि तो दवाखान्यात असताना त्याच्या आजीला 'ग्योम्म्युशलेर', पुरलं. आजीची कबर त्याने नंतर पाहिली होती. तिच्याबद्दल त्याच्या मनात कसलीच शंका उरलेली नव्हती. तरी तो 'ग्योम्द्युलेर' कधी म्हणाला नाही. त्या वेळी मी तिथे नव्हतो, हे तो दर वेळी सांगत होता.

'खात्री नसेल तर मिश' हे वाक्य त्या मुलाच्या तोंडच्या क्रियापदापुढे ठेवून पाहावं. त्याच्या दुःखाचा फार मोठा भाग त्या गैरहजेरीत होता, आणि त्याच्या भाषेत ते सांगायला वेगळं वाक्य लागत नव्हतं.

मला आमच्याकडचा किल्लारीचा भूकंप आठवणारच होता. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सोलापुरात आम्हाला धक्का जाणवला, वडिलांनी आम्हा भावंडांना उचलून गल्लीत आणलं, मागावरचे लोकही बाहेर आले. सकाळ होत गेली तशा बातम्या येऊ लागल्या आणि गल्लीत सगळे म्हणू लागले, किल्लारी गेलं म्हणे, सास्तूर गेलं म्हणे. दुपारपर्यंत 'म्हणे' गळून गेलं. बातमी पक्की झाली तसं ते निघून गेलं आणि उरलं, किल्लारी गेलं. आज आई ती पहाट सांगते तेव्हा 'आम्ही गल्लीत आलो' आणि 'किल्लारी गेलं' या दोन वाक्यांतली क्रियापदं एकाच घडणीची असतात. गल्लीत ती होती. किल्लारीत नव्हती. मराठीत 'म्हणे' ऐकीवपणा सांगतं आणि त्याच्याबरोबर थोडं अंतरही ठेवतं, म्हणून पक्क्या झालेल्या दुःखाला ते लावणं आपल्याला बरं वाटत नाही. ते काढून टाकण्यात गेलेल्यांबद्दलचा आदर आहे हे मला समजतं. त्या मुलाने मिश न सोडण्यातही तोच आदर होता, हे मला देनिझ्लीत समजलं.

माझे अहवाल इंग्रजीत जातात. इंग्रजीत माग थांबला म्हणजे थांबला. कुणी पाहिला, कुणाला मागाहून कळलं, याची जागा क्रियापदात नाही. म्हणून मी दोषांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: घटना घडताना कोण हजर होतं. खरेदीदाराच्या कचेरीतून सुरुवातीला विचारणा झाली, की हा रकाना कशासाठी, कारण आणि उपाय लिहिलेत तेवढे पुरे. मी पट्ट्यांच्या त्या ऑर्डरचे कागद जोडून पाठवले, त्यानंतर रकाना राहिला. आता आमच्या कचेरीतले इतर तपासनीसही तो भरतात. रकान्यात कुणाचंच नाव येत नसेल तर अहवाल त्या दिवशी पुढे जात नाही. आम्ही परत दालनात जातो आणि विणकर, वीजतंत्री, जॉबर यांच्याशी बोलून झालं की ट्रॉली ढकलणाऱ्यांना, झाडू मारणाऱ्यांना, चहा आणणाऱ्यांना थांबवून विचारतो.